खुर्चीवरचे कपडे, कोळशात

शनिवार, रात्र

आज पहिल्यांदा कोळशाने चित्र काढायला बसले. इतकी वर्षं पेन्सिलीशिवाय कशालाच हात लावला नव्हता. एचबी, टूबी, फोरबी, फार तर सिक्सबी. माझं सगळं जग तेवढ्यात मावायचं आणि त्यात मी खूश होते. पण गेले काही महिने माझीच चित्रं मला एकसारखी दिसू लागली होती. नीटनेटकी, बारीक, आणि कुठेच धोका न पत्करलेली.

विषय समोरच होता, खिडकीजवळची खुर्ची. दोरीवरून काढलेले कपडे घड्या होईपर्यंत तिच्यावर पडून असतात. आज त्यात एक चादर, दोन टॉवेल आणि मुलीचा निळा शर्ट होता, आणि त्या शर्टाची एक बाही खुर्चीच्या हातावरून खाली लोंबत होती. दुपारचं ऊन तिरपं येत होतं, चुण्यांच्या एका बाजूला लख्ख उजेड आणि दुसरीकडे गडद अंधार. रोज बघते मी हा ढीग, पण बघते तो आवरायच्या नजरेने.

विलो नावाच्या झाडाच्या काड्या हवा न लागू देता तापवल्या की जी काळी कांडी उरते, तोच हा कोळसा. बोटात धरली की वजनच जाणवत नाही. पेन्सिलीसारखी दाबून धरली आणि पहिल्याच रेषेला ती मोडली. दुसरीही मोडली. मग कळलं की हिला टोकाने चालवायचंच नाही, आडवी धरून कागदावरून नुसती फिरवायची. अर्ध्या मिनिटात चादरीची अख्खी सावली उतरली. पेन्सिलीने तेवढ्याला मला तास लागला असता.

आणि काय काळा रंग! पेन्सिलीतलं ग्राफाइट कितीही गडद केलं तरी तिरकं धरल्यावर चकाकतं, त्याचे चपटे थर उजेड परत फेकतात. कोळशाचे कण ओबडधोबड असतात. ते खरखरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि उजेड गिळून टाकतात. टॉवेलच्या खालची फट रंगवली तेव्हा वाटलं, आत हात घातला तर जाईल.

पण सवय सुटत नव्हती. प्रत्येक कपड्याला बाह्यरेषा द्यायला हात शिवशिवत होता. चादर कुठे संपते आणि खुर्चीची पाठ कुठे सुरू होते, हे सावलीत मला दिसतच नव्हतं, तरी मी तिथे रेषा ओढली. ती रेषा सगळ्या चित्रात उपरी वाटत राहिली. मला ती कडा ठाऊक होती म्हणून काढली होती, दिसत होती म्हणून नव्हे.

जॉर्ज स्यूरा या फ्रेंच चित्रकाराने 1882-83 च्या सुमारास आपल्या आईचं, ती भरतकाम करत असतानाचं, चित्र काढलं. ते काँते क्रेयॉनचं, म्हणजे खडूसारख्या कडक कांडीचं आहे, कोळशाचं नाही, पण कागदाच्या खरखरीतपणावर काळं घासायची रीत तीच. त्यात रेषा शोधून सापडत नाही. आई अंधारातून हळूहळू उमटल्यासारखी दिसते, मान खाली घातलेली, हातातल्या कामात गढलेली. त्या चित्राची छापील प्रत मी आज पुन्हा काढून पाहिली. घरातल्या माणसाकडे इतक्या हळुवारपणे बघता येतं, या विचाराने दर वेळी माझा गळा दाटून येतो.

परत कागदाशी आले आणि ती उपरी रेषा मऊ कापडाने पुसून टाकली. बोटाने नाही, त्वचेचा तेलकटपणा लागला की तो डाग हलत नाही. चादर आणि खुर्ची अंधारात एक झाली, आणि चित्राला एकदम वजन आलं.

रविवार, संध्याकाळ

आज मळता येणारा खोडरबर वापरला. कणकेसारखा चिमटून त्याचं टोक करायचं आणि काळ्यावर हलकेच टेकवायचं, घासायचं नाही. तो कोळसा उचलून घेतो आणि खालचा कागद उघडा पडतो. म्हणजे इथे उजेडही काढता येतो! चादरीच्या घडीवरची उन्हाची पट्टी मी अशी एकाच फटक्यात काढली. पेन्सिलीच्या चित्रात पांढरा मी फक्त राखून ठेवायची, पहिल्यापासून जपत, घाबरत. आज तो मागाहून आणला. हा आनंद शब्दांत कसा लिहू?

मग मुलगी आली. "आई, माझा शर्ट घेऊ? उद्या घालायचाय." मी नको म्हणायच्या आत ती थबकली, कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "थांबू का मी?" मी म्हटलं, "नको, घे." ती गेल्यावर ढीग एका बाजूला घसरला. टॉवेल वर आला, बाही गेली.

चित्र सोडून द्यावं का, असं क्षणभर वाटलं. मग कापड घेतलं, बाही पुसली आणि समोर आता जे होतं ते तिच्यावर काढलं. पण कोळसा पूर्ण पुसला जात नाही. खुर्चीच्या हातावरून खाली येणारी एक करडी सावली राहिलीच, नव्या टॉवेलच्या मागून दिसणारी. खोडरबर दोनदा उचलला, दोनदा खाली ठेवला.

झोपण्याआधी खिडक्या उघडून, हातभर अंतरावरून फिक्सेटिव्हचे दोन पातळ फवारे मारले. पहिला वाळू दिला, मग दुसरा. आता कण हलणार नाहीत. बाही आहे तिथेच आहे.