बॅडमिंटनचे बूट घेताना: माझा अनुभव

सहाचा स्लॉट, महिन्याचे पैसे, चौघं भिडू, सगळं दोन दिवसांत जमलं. अडलं ते बुटांवर.

रनिंगच्या बुटांवर बॅडमिंटन खेळू नये. त्यांची टाच उंच आणि मऊ. आडवं धावून थांबताना पाऊल बाहेर कलंडतं आणि घोटा मुरगळतो. कोर्टचे बूट बुटके, गम सोलचे (रबरी तळाचे), नॉन-मार्किंग, म्हणजे कोर्टवर डाग न पाडणारे, लागतात. ते मिळतात, पण मापाचे मिळतील तर शपथ! तीन दुकानं, एकच वाक्य: "अहो, आठच येईल तुम्हाला. वापरून सैल होतो." सैल होतं ते वरचं कापड, तेही आडवं आणि जेमतेम. लांबी तसूभर वाढत नाही. ड्रॉप (नेटजवळ हळूच टाकलेलं फूल) उचलायला पुढे झेप घेतली की पाय बुटात पुढे सरकतो, नख आदळतं आणि काळं पडतं. या खेळाला एके काळी 'पूना' म्हणायचे, आणि इथेच, पुण्यात, रुंद पंजाचा बूट मागितला की लोक आपल्याकडे बघत राहतात.

माप घरीच काढा. तेही संध्याकाळी, दिवसभरात पाय थोडा फुगतो म्हणून. (दुपारी १ ते ४ दुकानात तसंही काम नाही.) भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, भार त्याच पायावर, सगळ्यात लांब बोटापुढे खूण. हे बोट अंगठ्याशेजारचंही असू शकतं. दोन्ही पाय मोजून मोठा धरा. कंपनीगणिक 'आठ' बदलतो, म्हणून बुटाच्या जिभेवरच्या लेबलवर सेंटिमीटर बघा.

मग इनसोल (बुटातला आतला सुटा तळ) बाहेर काढून त्यावर उभं राहा. बोटापुढे साधारण १ सेंमी जागा हवी. पाऊल बाजूने बाहेर आलं तर बूट अरुंद. "नवा माल आहे, काढू नका" दुकानदार म्हणाले, तरी मी काढला. आठ नव्हे, साडेआठ निघाला, हे त्यांना दाखवूनच पैसे दिले.

टाच उचलत असेल तर नाडी घोट्याजवळच्या शेवटच्या जादा भोकातून ओवा. नखं खेळायच्या आदल्या दिवशी सरळ कापा.

आता रॅकेट. गटिंगवाला (जाळी विणणारा) तारांना २८ पाउंड ताण सुचवेल. हौशी हाताला २२ ते २४ पुरे, नाहीतर कोपर बोलतं. मुठीच्या मापांत जी४ पेक्षा जी५ची मूठ बारीक असते, उलटं समजू नका.

आणि हो, दुकानात खेळायचेच मोजे घेऊन जा. ऑफिसच्या पातळ मोज्यांवर बसलेला बूट कोर्टवर चावतो.