केशरी रंग आणि व्हेजचा ठिपका

पुण्यात आमचा छोटा डिझाईन स्टुडिओ आहे, मी क्लायंट सांभाळते. म्हणजे डिझाईन मी करत नाही, शिव्या मी खाते. दिवाळीच्या आधी एका फराळवाल्यांच्या बॉक्सचं काम होतं. दोघा भावांचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात आमची सगळी टीम, रोज गुड मॉर्निंग आणि "लोगो जरा मोठा करा ना". शेवटी दोघांनी ओके दिलं, छपाईच्या प्लेटा (प्रत्येक शाईची वेगळी) निघाल्या, आणि जॉब मशीनवर चढला त्या दिवशी प्रेसमध्ये त्यांचे वडील आले. ते ग्रुपमध्ये कधी नव्हतेच.

पहिला शीट उजेडात धरून म्हणाले, "हा आमचा केशरी नाही. विटकरी झालाय."

आणि काका बरोबर होते हो! मोबाईलवरचा झगझगीत केशरी सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या चार शायांतून कागदावर निघतच नाही, त्यात वरून मॅट लॅमिनेशन, म्हणजे अजून दबणार. पोरांना हे सांगितलं होतं, प्रूफही, म्हणजे कागदावरचा नमुना, दिलं होतं, पण त्यांनी त्याचा फोटो काढून परत मोबाईलवरच बघितला असणार, दुसरं काय. थोरला म्हणाला, "पप्पा चालतंय, कोण बघतंय." काकांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

उपाय एकच, स्पेशल कलर, म्हणजे हव्या त्या केशरीची वेगळी शाईच घोटून घ्यायची. पण मशीन चार कलरचं. पाचवी शाई म्हणजे सगळे शीट वाळवून परत मशीनमधून काढायचे, खर्च वाढला, आणि दिवाळीच्या तोंडावर प्रेसमध्ये वेळ कुठला, पुढचा जॉबवाला दारातच उभा. मी स्टुडिओला फोन लावून स्पीकरवर टाकला. आमची सीनियर डिझायनर दोन मिनिटं गप्प, मग म्हणते, "पाचवा कशाला? चारातलेच काढून टाकू."

बॉक्सवर फराळाचा मोठा फोटो होता, चार रंग लागत होते ते त्या फोटोपायी. तो उडवला तर केशरी, काळा, आणि दोन शायांची जागा मोकळी. फोटोच्या जागी चकली-करंजीची रेघांची चित्रं, जी तिने पहिल्याच राउंडला केली होती आणि धाकट्याने "ओल्ड फॅशन" म्हणून कटाप केली होती. (मला तीच आवडली होती, पण माझं कोण ऐकतंय.)

सगळे खुशीत असताना आमचा कॉपीवाला ओरडला, "अरे, व्हेजचा ठिपका!" शाकाहारी मालावर चौकटीतला ठिपका कायद्याने हिरवाच लागतो, आणि सायन-यलोच नाही तर हिरवा आणणार कुठून? म्हणून तिसरी शाई हिरवी ठरली, मग लावतोच आहोत तर चिवड्यातला कढीपत्ता हिरवा, वरचं तोरण हिरवं. चौथी हळदीची पिवळी. अख्ख्या बॉक्सचे रंग त्या ठिपक्याने ठरवले. ज्युनियरने उत्साहाच्या भरात बारकोडपण केशरी केला, तो परत काळा करायला लावला, कारण स्कॅनरच्या लाल उजेडात केशरी पट्ट्या दिसतच नाहीत.

इकडे मशीनवाले मामा काचेवर पात्याने शाई घोटतायत, बोटाने कागदावर टिपतायत, वर लॅमिनेशनची फिल्म ठेवून दाखवतायत. काकांनी दुकानाची पिशवी शेजारी धरलेली. "अजून पिवळा." मामांनी चिमूटभर टाकला. "आता?" "थोडा लाल." मी आणि थोरला चहावर चहा. शेवटी काका "बास" म्हणाले तेव्हा मामांनी पातं पुसलं आणि त्या टिपलेल्या कागदावर काकांची सही घेतली, हे मला फार आवडलं.

फाईल संध्याकाळी आली, मशीन रात्रीचं मिळालं, सकाळी शीट लॅमिनेशनला आणि पंचिंगला, म्हणजे बॉक्सच्या आकारात कापायला, गेले.

राहता राहिले वाया गेलेल्या प्लेटांचे पैसे. थोरला म्हणे स्टुडिओने द्यावे, आमचे साहेब म्हणे ओके तुमचं होतं. काकांनी दोघांचं ऐकून घेतलं. म्हणाले, "ओके मी दिलं नव्हतं, पण पोरं माझीच आहेत." आणि धाकट्याला चेक लिहायला बसवलं.