छत्तीस वजा एक: ठिणगीचा माग

कॉव्हेंट्री, शनिवार, १२ ऑक्टोबर

आज इंजिनातून डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे ठिणगीची वीज पाळीपाळीने प्रत्येक सिलिंडरच्या प्लगकडे पाठवणारा फिरता भाग, कायमचा काढला आणि त्या भोकावर ओ-रिंगसह ॲल्युमिनियमचे झाकण बसवले. लोटस सेव्हनच्या धर्तीवर गॅरेजमध्ये जी दोन आसनी गाडी बांधत आहे, तिच्यात फोर्डचे १६०० सीसीचे क्रॉसफ्लो इंजिन आहे. हे इंजिन १९६७ साली बाजारात आले आणि त्याची प्रज्वलनाची मूळ व्यवस्था त्या काळाला साजेशीच होती. डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टवरच्या तिरप्या दातांच्या गिअरवर फिरतो आणि कॅमशाफ्ट टायमिंग चेनवर फिरतो. चेन थोडी सैल झाली, गिअर थोडा झिजला, डिस्ट्रिब्यूटरचे बुश ढिले झाले, की या सगळ्या ढिलाईची बेरीज ठिणगीच्या क्षणात उतरते. माझ्या डिस्ट्रिब्यूटरवर इंजिन चालवून टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, धरला असता पुलीवरची खूण एका जागी न दिसता रुंद पट्ट्यासारखी पसरलेली दिसत असे. या इंजिनात ऑइल पंप डिस्ट्रिब्यूटरवर अवलंबून नसल्यामुळे तो निर्धास्तपणे काढता येतो, ही सोय मोठी आहे.

दुसरे कारण ॲडव्हान्सचे, म्हणजे ठिणगी किती आधी पाडायची याचे, आहे. इंधनाचे मिश्रण पेटून त्याचा पूर्ण दाब तयार होण्यास काही वेळ लागतो, म्हणून पिस्टन टीडीसीला, म्हणजे त्याच्या सर्वांत वरच्या जागेला, पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. मिनिटाला १००० फेऱ्यांना क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दंड) सेकंदात ६००० अंश फिरतो, तर ६००० फेऱ्यांना ३६,००० अंश. म्हणजे तेथे एक अंश जेमतेम २८ मायक्रोसेकंदांत निघून जातो. वेग वाढतो तसतसा सिलिंडरमधला खळबळाट वाढून ज्वाळाही वेगाने पसरते, म्हणून ॲडव्हान्स सरळ रेषेत वाढवत नेणे योग्य नसते. डिस्ट्रिब्यूटरमधली दोन वजने आणि दोन स्प्रिंगा या वक्राला दोन तिरप्या रेषांनी कसेबसे गाठतात. त्यातून माझ्या इंजिनावर दोन जुळे वेबर कार्ब्युरेटर असल्यामुळे व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीवरून ॲडव्हान्स बदलण्याची) सोयही नाही, आणि थ्रॉटल किती उघडले आहे याची डिस्ट्रिब्यूटरला काही खबरच नसते. अर्ध्या थ्रॉटलवर मिश्रण विरळ भरते व सावकाश जळते. त्याला जास्त ॲडव्हान्स हवा असतो आणि तो त्याला कधीच मिळत नव्हता.

नव्या व्यवस्थेचे दोन भाग आहेत. ठिणगी प्रत्यक्ष पाडण्याचे काम फोर्डच्याच ईडीआयएस मॉड्यूलकडे आहे, आणि ती किती अंश आधी पाडायची हे ठरवण्याचे काम मेगाजोल्ट नावाच्या छोट्या कंट्रोलरकडे आहे. क्रँक पुलीवर ट्रिगर व्हील बसते. त्यावर दहा-दहा अंशांवर ३६ दात्यांच्या जागा असतात आणि त्यांतला एक दाता मुद्दाम गाळलेला असतो. समोरचा सेन्सर दाते मोजतो आणि ही मोकळी जागा पाहून क्रँक नेमका कोठे आहे हे मॉड्यूलला समजते. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला पिस्टन टीडीसीच्या ९० अंश आधी असताना गाळलेला दाता सेन्सरसमोर यावा लागतो. म्हणजेच टीडीसीवर तो फिरण्याच्या दिशेने नऊ दाते पुढे गेलेला असतो. हे नऊ दाते मोजून झाले की आजचे काम संपले, असे म्हणता येईल, पण त्या मोजणीचा सगळा भरवसा टीडीसीच्या खुणेवर असतो. सुदैवाने इंजिन जोडताना, हेड बसवण्याआधीच, ब्लॉकवर पोलादी पट्टी आडवी आवळून तिच्यातून एक बोल्ट पिस्टनच्या वाटेत उतरवला होता. क्रँक दोन्ही बाजूंनी त्या बोल्टला अलगद टेकवून पुलीवर दोन खुणा केल्या आणि त्यांचा मध्य घेतला. टीडीसीजवळ क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही, म्हणून पिस्टनकडे नुसते पाहून काढलेली खूण विश्वासार्ह नसते.

रविवार, १३ ऑक्टोबर

सकाळी मेगाजोल्टची जोडणी मुद्दाम सोडवून ठेवली आणि फक्त ईडीआयएसवर इंजिन सुरू केले. या मॉड्यूलचा मला सर्वांत आवडणारा गुण हाच आहे की कंट्रोलरकडून आज्ञा आली नाही तर ते टीडीसीच्या १० अंश आधी ठिणगी पाडत राहते. रस्त्यात कंट्रोलर बंद पडला तरी घरी पोचता यावे, हा त्यामागचा हेतू. परंतु गॅरेजमध्ये हीच सोय उत्तम मोजपट्टी ठरते. टायमिंग लाइटमध्ये खूण बरोबर १० अंशांवर आली आणि तेथेच स्थिर राहिली. डिस्ट्रिब्यूटरचा तो रुंद पट्टा नाहीसा झाला होता. हे पाहून मला जो आनंद झाला, तो शब्दांत नीट सांगता येणार नाही.

दुपारी मेगाजोल्ट जोडला. त्याची आज्ञा मॉड्यूलपर्यंत एका स्पंदाच्या रूपाने जाते आणि स्पंदाची लांबी हाच निरोप असतो: १५३६ मायक्रोसेकंदांतून दर अंशाला २५.६ वजा करायचे. १० अंशांसाठी १२८० मायक्रोसेकंदांचा स्पंद लागतो. माहिती स्पंदाच्या उंचीत न ठेवता लांबीत ठेवल्यामुळे बॅटरीचा व्होल्टेज वरखाली झाला तरी निरोप बदलत नाही, ही कल्पना मला फार सुंदर वाटते.

इंजिन सुरू झाले, आयडलिंगला शांत राहिले, पण सुमारे ४२०० फेऱ्यांपासून ते मिसिंग करू लागले. आणखी थ्रॉटल दिल्यावर ४६०० च्या पुढे सगळे पुन्हा स्वच्छ झाले. एवढ्याच पट्ट्यात ठिणग्या गळत होत्या.

बुधवार, १६ ऑक्टोबर

अशा वेळी सुटे भाग बदलत सुटण्याचा मोह होतो, आणि तो टाळणे हेच दुरुस्तीचे अर्धे काम आहे असे माझे ठाम मत आहे. भाग बदलून दोष गेला तरी तो का होता हे कळत नाही. न गेल्यास नव्या भागाबद्दलही शंका उरते. म्हणून आधी संशयाचे दोन तुकडे केले. मेगाजोल्टची तार काढली आणि १० अंशांच्या ठरावीक ॲडव्हान्सवर इंजिन त्याच वेगाला नेले. ओढ मंदावली होती, तरी मिसिंग त्याच पट्ट्यात, तसेच होते. एका तारेने कंट्रोलर, त्यातला नकाशा (कोणत्या वेगाला व थ्रॉटलला किती ॲडव्हान्स याचा तक्ता), थ्रॉटलचा सेन्सर आणि संगणकाची केबल हे सगळे निर्दोष ठरले. उरले ते सेन्सर, मॉड्यूल, कॉइल पॅक (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग), लीड आणि प्लग.

विजेचा व्यत्यय हा पहिला संशयित होता. प्लग रेझिस्टरचे आहेत, लीडही सप्रेशनच्या आहेत. नोंदणीपूर्वीच्या आयव्हीए तपासणीत रेडिओचा व्यत्यय रोखण्याची सोय पाहिली जाते, त्यामुळे याबाबत आधीच काळजी घेतली होती. सेन्सरची तार जाळीच्या आवरणाची आहे आणि ते आवरण फक्त मॉड्यूलच्या बाजूला अर्थिंग केलेले आहे. दोन्ही टोकांना अर्थिंग केल्यास त्याच आवरणातून प्रवाह फिरू लागतो. सेन्सरची ध्रुवता तपासली, कारण ती उलट झाली तर दात्याच्या मध्याऐवजी भलत्याच ठिकाणी मोजणी होते. फिलर गेजने एअर गॅप पाहिली. चाक पूर्ण फिरवले तरी ती ०.८ मिलिमीटरच्या आसपासच राहिली, म्हणजे चाक वाकडे नव्हते.

मग त्या पट्ट्याचाच विचार केला. विजेचा दोष बहुधा वेगाबरोबर किंवा भाराबरोबर वाढत जातो. एका वेगाला येऊन पुढे निघून जाणारा दोष कंपनाकडे बोट दाखवतो. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात क्रँकच्या दुप्पट वारंवारतेचा हादरा नेहमीच असतो. ४४०० फेऱ्यांना तो सेकंदाला सुमारे १४७ वेळा बसतो. सेन्सर धरणारा तयार ब्रॅकेट पातळ पत्र्याचा आणि लांब होता. त्याची स्वतःची वारंवारता तेथेच असेल तर सेन्सर दात्यांसमोर डोलेल, दात्यांमधले अंतर मॉड्यूलला असमान भासेल आणि गाळलेला दाता कोठे आहे हेच त्याला समजेनासे होईल.

हा तर्क पडताळून पाहण्याचा मार्ग सोपा होता. इंजिन बंद करून सेन्सरच्या पाठीमागे ब्रॅकेटला पोलादाचा एक तुकडा बोल्टने आवळला. वजन वाढले की वारंवारता उतरायला हवी. इंजिन सुरू केले, तेव्हा मिसिंगचा पट्टा खाली सरकून ३७०० च्या आसपास आला होता आणि ४४०० ला इंजिन अगदी स्वच्छ चालत होते. वजन लावल्याने विजेचा दोष जागा बदलत नाही. यानंतर माझ्या मनात शंका उरली नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

नवा ब्रॅकेट ६ मिलिमीटरच्या पोलादी पट्टीचा, आखूड, मागे त्रिकोणी आधार देऊन केला आणि ब्लॉकच्या पुढच्या बोल्टांवर आवळला. चासीवर तो कधीही बसवू नये, कारण रबरी माउंटिंगवर इंजिन हलते आणि चासी हलत नाही. आता वेग कोणताही असो, टायमिंग लाइटमधली खूण जागची ढळत नाही.

जुन्या टॅकोमीटरला (फेऱ्या दाखवणाऱ्या मापकाला) कॉइलच्या स्पंदांची सवय आहे आणि नव्या व्यवस्थेत कॉइल दोन आहेत, एक सिलिंडर १ व ४ साठी आणि एक २ व ३ साठी. दोन्हींच्या प्राथमिक बाजूंवरून एकेक डायोड घेऊन ती तार टॅकोमीटरला जोडली आणि काटा बरोबर दाखवू लागला.

संध्याकाळ नकाशावर गेली. वेगाचे दहा स्तंभ, थ्रॉटलच्या दहा ओळी, मिळून शंभर घरे; मधल्या किमती कंट्रोलर स्वतः काढतो. ९०० फेऱ्यांच्या घरात १४ अंश ठेवले आणि ७०० च्या घरात १८, म्हणजे आयडलिंग खाली घसरू लागले की वाढलेला ॲडव्हान्स त्याला परत वर ओढतो. कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात न लावता इंजिनाचा श्वास असा सावरताना ऐकणे हे सुख आहे. पूर्ण थ्रॉटलची ओळ मात्र मुद्दाम काही अंश मागे ठेवली आहे. नॉकिंग (मिश्रणाचे स्फोटासारखे पेटणे) मोकळ्या रस्त्यावर कानाने नीट ओळखता येत नाही आणि त्याची किंमत पिस्टनला मोजावी लागते, म्हणून ती घरे रोलिंग रोडवर (चाके रोलरांवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) टॉर्क मोजत, एकेक अंश वाढवत भरायची आहेत.