तुम्ही विचारलंत म्हणून: पोहता येत नसेल तर हेरॉन आयलंडवर काय बघायचं?

भारतातून येणारी मंडळी आम्हा ब्रिस्बेनकरांना हटकून विचारतात, "आई-बाबांना पोहता येत नाही. मग त्यांना ग्रेट बॅरिअर रीफला न्यायचं कशाला? बोटीत बसून नुसतं पाणी बघायला?" माझं उत्तर ठरलेलं आहे. ब्रिस्बेनच्या उत्तरेला ग्लॅडस्टोन बंदर आहे, तिथे जा, तिथून दोनेक तासांच्या बोटीनं हेरॉन आयलंड गाठा आणि निदान एक रात्र राहा. जेमतेम १६ हेक्टरांचं बेट, तेही प्रवाळाच्याच चुऱ्यातून झालेलं. किनाऱ्यावरून दोन पावलं टाकली की प्रवाळ सुरू.

इथला दिवस ओहोटीच्या वेळेवर ठरतो. पाणी उतरलं की बेटाभोवतीचं प्रवाळाचं पठार घोटाभर पाण्यात येतं. जुने बूट घालायचे, हातात काठी घ्यायची आणि माहितगाराच्या मागून वाळूच्या पट्ट्यांवरूनच चालायचं. प्रवाळावर पाय द्यायचा नाही, ते जिवंत असतं.

अशाच एका डबक्यात माझ्या सासूबाईंनी शार्क बघितला. एपॉलेट शार्क: हातभर लांब, तपकिरी, अंगभर ठिपके, कल्ल्यांमागे पांढऱ्या कडेचा ठसठशीत काळा डाग. पाणी इतकं कमी होतं की त्याची पाठ उघडी पडली होती. पोहायला जागाच नाही म्हटल्यावर तो पर आळीपाळीनं तळाला टेकवत, अंग वळवत, दोन प्रवाळांच्या फटीतून चक्क चालत गेला. ओहोटीला अशा डबक्यातला प्राणवायू फार कमी होतो. तेव्हा हा श्वास आणि हृदयाचे ठोके मंद करतो आणि काही तास तग धरतो. खेकडे आणि समुद्री किडे हे त्याचं खाणं, माणसाच्या वाटेला तो जात नाही. 'शार्क' म्हटल्याबरोबर सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. तो दिसेनासा झाल्यावर मात्र त्याच पुढे होऊन पुढचं डबकं शोधू लागल्या.

दुपारी पिसोनियाच्या झाडांच्या सावलीत बसा, पण टोपी घालून, कारण वर काळ्या नॉडी पक्ष्यांची हजारो घरटी असतात. गळलेली पानं स्वतःच्या विष्ठेनं चिकटवून ते घरटं बांधतात. याच झाडाच्या चिकट बिया कधी त्यांच्या पंखांना इतक्या गच्च बसतात की पक्षी उडू शकत नाही आणि मरतो. ते बघवत नाही. अंधार पडला की दिवसभर समुद्रावर असलेले शीअरवॉटर पक्षी धपाधप जमिनीवर उतरतात आणि बिळांतून तान्ह्या बाळासारखा रडका सूर लावतात.

आणि कासवं. नोव्हेंबर ते मार्च हिरव्या कासवांच्या माद्या रात्री वाळूत चढतात. शंभर किलोंच्या वर वजन, त्यामुळे दर चार-पाच ढकलींनंतर थांबून मोठा श्वास. मागच्या पायांनी खड्डा उकरून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात. बॅटरी लावायची नाही, मागे शांत बसायचं.

पिल्लं जानेवारीपासून निघू लागतात. कोकणातल्या वेळासचा कासव महोत्सव बघितलेल्यांना इथे फार त्रास होतो, कारण सीगल पिल्लं उचलतात आणि कोणी मध्ये पडत नाही. वेळासला अंडी कुंपणात हलवून राखावी लागतात, कारण तिथे ती माणसं पळवायची, कुत्री-कोल्हे उकरायचे. सीगल आणि कासव यांचा व्यवहार जुना आहे, त्यात हात न घालणंच मला पटतं. आपला हात आधीच पुष्कळ लागलाय. १९२०च्या दशकात याच बेटावर कासवाच्या सुपाचा कारखाना होता. आता वाळूच तापते आहे. वाळू जितकी उष्ण तितक्या अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांत माद्या जास्त. याच रीफच्या उत्तर भागातल्या लहान कासवांमध्ये ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचं संशोधकांनी २०१८ साली दाखवलं. पुढे नर कुठून येणार, ही चिंता मला खरंच सतावते.

तेव्हा आई-बाबांना जरूर न्या. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत अंडी घालणाऱ्या माद्याही भेटतात आणि पिल्लंही. वादळांचे दिवस असतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवा. भर दिवसा चांगली ओहोटी कधी आहे ते वेळापत्रकात बघा आणि मगच खोली ठरवा.