कर्नलला पॅच पाठवताना मेंटेनरशी बोलायचं कसं: माझा अनुभव

लिनक्स कर्नलचं, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, काम आजही मेलवर चालतं: कोडमधला बदल, म्हणजे पॅच, मेलनं पाठवायचा आणि तो भाग सांभाळणारा मेंटेनर तो तपासून घेतो. लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हाल्ड्सच्या गिटहबवरच्या रेपोवर पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती) टाकता येते, पण तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ड्रायव्हरमधले छोटे बग दुरुस्त करून पाठवताना मेंटेनर मंडळींशी जो पत्रव्यवहार होतो, त्यातून जे कळलं ते लिहितो.

पाठवायचं कुणाला? सोर्सच्या स्क्रिप्ट्स फोल्डरात ‘गेट मेंटेनर’ नावाची पर्ल स्क्रिप्ट आहे. तिला पॅचची फाइल दिली की नावं मिळतात. ती डोळे झाकून घेऊ नयेत. त्या फाइलला मेंटेनर नेमलेला नसेल तर स्क्रिप्ट गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या) इतिहासातून नावं उचलते, आणि त्यात कधीतरी एखादी ओळ बदलून गेलेला माणूसही येतो. मी मेंटेनरला ‘टू’मध्ये घेतो, रिव्ह्यूअर आणि त्या भागाची मेलिंग लिस्ट ‘सीसी’त. कोणता भाग कोण सांभाळतं ते सांगणाऱ्या मेंटेनर्स फाइलमधली ‘एस’ची, म्हणजे स्थितीची, ओळही बघून ठेवतो. ‘सपोर्टेड’ म्हणजे कुणाला तरी त्या कामाचा पगार मिळतो, ‘ऑड फिक्सेस’ असेल तर उशीर धरून चालायचं आणि ‘ऑर्फन’ म्हणजे त्या कोडला वालीच नाही.

खरी मेहनत कमिट मेसेजवर, म्हणजे बदलासोबतच्या टिपणावर. समजा, डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनमध्ये डिव्हाइसचा क्लॉक चालू केला, पुढे इंटरप्टची नोंदणी फसली आणि फंक्शन क्लॉक बंद न करताच परतलं. ‘एरर हँडलिंग सुधारलं’ एवढंच लिहिलं तर मेंटेनरला कोड उघडून शोधत बसावं लागतं, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो. मी आधी लिहितो काय बिघडतं: नोंदणी फसली तरी क्लॉक चालूच राहतो. मग काय केलं: त्या वाटेवर तो बंद केला. मग हार्डवेअरवर चालवून बघितलं की फक्त कंपाइल केलं. ‘फक्त कंपाइल केलंय’ म्हटल्यानं कुणी पॅच फेकून देत नाही, उगाच लपवू नये. विषयाची ओळ ७० ते ७५ अक्षरांत, सुरुवातीला सबसिस्टिमचं (कर्नलच्या त्या विभागाचं) नाव, क्रियापद आज्ञार्थी. बग ज्या कमिटनं आणला त्याच्या हॅशची (ओळखखुणेची) किमान पहिली १२ अक्षरं ‘फिक्सेस’ टॅगमध्ये. खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ हवंच. हा कोड देण्याचा हक्क मला आहे, असं ती सही सांगते.

पाठवण्याआधी पॅचमधल्या शैलीच्या चुका पकडणारा ‘चेकपॅच’ चालवायचा आणि मेल ‘गिट सेंड-ईमेल’नंच पाठवायचा. जीमेलच्या वेबपानावरून चिकटवलेल्या पॅचमध्ये टॅबच्या जागी स्पेस येतात आणि तो कोडवर लागतच नाही. जीमेलचाच सर्व्हर वापरायचा तर पोर्ट ५८७ आणि नेहमीच्या पासवर्डऐवजी अॅप पासवर्ड. एचटीएमएल मेल लिस्टवर पोचतच नाही. ऑफिसच्या सर्व्हरनं खाली ‘हा मजकूर गोपनीय आहे’ अशी पट्टी चिकटवली तर तो पॅच घेता येत नाही, म्हणून खाजगी पत्ता बरा. मी पहिली प्रत स्वतःलाच पाठवतो आणि ‘गिट एएम’नं लावून बघतो.

मग रिव्ह्यू येतो, बहुतेक वेळा दोन ओळींचा, नमस्कार-चमत्कार काही नाही. तो राग नसतो, त्या माणसाला अजून ढीगभर मेल उपसायचे असतात. वरच्या उदाहरणात हमखास येणारी सूचना अशी: ‘डेव्हएम’ प्रकारचं फंक्शन वापर, म्हणजे क्लॉक आपोआप बंद होईल. सूचना चांगलीच आहे, पण त्यानं रिमूव्हच्या, म्हणजे ड्रायव्हर काढण्याच्या, वेळी गोष्टी बंद होण्याचा क्रम बदलू शकतो. तेव्हा मी त्याच्या वाक्याखालीच उत्तर लिहितो: दुरुस्ती छोटी ठेवली तर आधीच निघालेल्या स्टेबल आवृत्त्यांत सहज जाईल, डेव्हएमचा बदल वेगळ्या पॅचमध्ये पाठवू का? मतभेद चालतो. न बोलता सूचना गाळून पुढची आवृत्ती पाठवली की मात्र मेंटेनर भडकतो, आणि बरोबरच आहे त्याचं. दुसरी आवृत्ती ‘व्ही२’ म्हणून, नवा धागा काढून. काय बदललं ते तीन डॅशांच्या ओळीखाली लिहायचं, म्हणजे ते गिटच्या इतिहासात जात नाही. मिळालेला ‘रिव्ह्यूड-बाय’ (तपासणाऱ्याच्या पसंतीची ओळ) पुढच्या आवृत्तीत स्वतः जोडायचा, पण कोड बराच बदलला असेल तर काढायचा, आणि का काढला तेही सांगायचं. नेटवर्किंगवाल्यांकडे दोन आवृत्त्यांत निदान २४ तास जाऊ द्यावे लागतात.

उत्तरच आलं नाही तर किमान आठवडाभर थांबायचं. त्याआधी कॅलेंडर बघा. नवी आवृत्ती निघाली की दोन आठवडे मर्ज विंडो (पुढच्या आवृत्तीसाठी नवे बदल घेण्याचा काळ) असते, तेव्हा मेंटेनर लिनसकडे कामं पोचवण्यात अडकलेले असतात आणि नेटवर्किंगची ‘नेट-नेक्स्ट’ शाखा तर बंदच असते. आठवण करताना त्याच धाग्यात एक ओळ पुरते. नुसतं ‘पिंग’ लिहिण्यापेक्षा ‘आरसी१वर अजून लागतो, काही बदल हवा का?’ असं विचारलं (आरसी१ म्हणजे मर्ज विंडोनंतरची पहिली चाचणी-आवृत्ती) तर उत्तर यायची शक्यता जास्त.

‘अप्लाइड, थँक्स’ आलं की पॅच मेंटेनरच्या शाखेत गेला. लिनसकडे तो बग किती तातडीचा आहे त्यावर याच फेरीत किंवा पुढच्या मर्ज विंडोत जातो. मधल्या काळात कोड आपोआप बांधून बघणाऱ्या टेस्ट रोबॉटचा मेल येऊ शकतो, तुमच्याकडे कधी न बांधलेल्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारावर) बिल्ड मोडल्याचा. अशा वेळी सहसा ‘व्ही३’ नको, मेंटेनर शाखेचा इतिहास शक्यतो बदलत नाहीत. आधीच्या कमिटचा ‘फिक्सेस’ टॅग लावून वर नवा पॅच पाठवायचा आणि रोबॉटनं सांगितलेली ‘रिपोर्टेड-बाय’ची ओळ त्यात घालायची.