तुम्ही विचारलेत म्हणून : चित्रप्रदर्शनात मुलांना काय कळते?

"मुलांना घेऊन चित्रप्रदर्शने पाहायला जाता, पण त्यांना त्यातले काय कळते?" हा प्रश्न मला सोसायटीत, कार्यालयात आणि घरच्या लग्नसमारंभांतही विचारला जातो. त्याला बहुधा एक पुरवणीही असते : "आणि तुम्हाला तरी कळते का?" पुरवणीचे उत्तर सोपे आहे. मी चित्रकला शिकलेली नाही, माझे पतीही शिकलेले नाहीत, आणि घराच्या भिंतीवर दिनदर्शिकेखेरीज फारसे काही टांगलेले नाही. मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र लांब आहे आणि त्याची सुरुवात कलेपासून होत नाही, तिकिटापासून होते.

तिकीट काढून आत गेलेले कुटुंब पैसे वसूल करायच्या मागे लागते. सहा वर्षांच्या मुलाचे पाय दुसऱ्या दालनातच दुखू लागतात, पण अजून दोन मजले उरलेले असतात, म्हणून त्याला ओढत नेले जाते, आणि अशा दिवसाची त्याला राहणारी आठवण म्हणजे पायदुखी. मुंबईत काळा घोडा परिसरातल्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेशाला पैसे लागत नाहीत, त्यामुळे तीन चित्रे पाहून बाहेर पडलो तरी काही बुडत नाही आणि तासाभराने पुन्हा आत शिरलो तरी कोणी हटकत नाही. पैसे वाचतात हे खरेच, डोंबिवलीहून पाच माणसे निघाली की तेही महत्त्वाचे असते. पण थोडेच पाहून निघून जाण्याची मुभा मला त्याहून मोठी वाटते. मुले चित्रांना कंटाळत नाहीत, सगळी चित्रे पाहण्याच्या सक्तीला कंटाळतात, असे माझे मत झाले आहे.

आम्ही शनिवारी जातो. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, आणि फोर्ट-कुलाब्यातल्या बहुतेक खासगी गॅलऱ्याही त्या दिवशी बंद असतात. जहांगीर सकाळी अकरा ते संध्याकाळी सात या वेळेत रविवारीही उघडी असते. तिथली प्रदर्शने साधारणपणे मंगळवारी सुरू होऊन सोमवारी संपतात. म्हणजे आठवडा उलटला की सर्व दालनांत नवी चित्रे लागलेली असतात, आणि मागच्या वेळी कंटाळलेल्या मुलाला या वेळी "आज दुसरे आहे" असे खरेखुरे सांगता येते.

ही इमारत १९५२ साली उभी राहिली. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, जहांगीरच्या, स्मरणार्थ तिच्यासाठी देणगी दिली आणि दुर्गा बाजपेयी या वास्तुरचनाकारांनी ती उभारली. प्रवेशद्वारावरचे काँक्रीटचे लाटांसारखे छत माझ्या मुलीला आतल्या पुष्कळ चित्रांपेक्षा जास्त आवडते, आणि त्यात तिचे काही चुकते असे मला वाटत नाही. पूर्वी इथे 'समोवार' नावाचे उपाहारगृह होते. ते १९६४ साली सुरू झाले आणि २०१५ साली बंद पडले. माझ्या सासूबाई फोर्टात नोकरीला होत्या तेव्हा मैत्रिणींबरोबर तिथे जात, आणि आजही त्या आत शिरताना त्या बाजूला एकदा पाहून घेतात. आता आम्ही घरून डबा नेतो आणि दुपारी ओव्हल मैदानाच्या कडेला बसून खातो. जेवणाच्या वेळी गॅलरीबाहेर पडण्याची ही सवय उपयोगी ठरते, कारण भुकेल्या मुलांना कोणतेही चित्र दाखवणे व्यर्थ असते.

जहांगीरचे वैशिष्ट्य असे की ज्याने चित्रे काढली तो माणूस बहुतेक वेळा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. निवड समितीची पसंती आणि काही वर्षांची प्रतीक्षा यांनंतर त्याला दालनाचा एक आठवडा मिळालेला असतो. त्याने दालनाचे भाडे भरलेले असते, चौकटी करून घेतलेल्या असतात, गावाहून टेम्पोत घालून चित्रे आणलेली असतात. आपला प्रवेश फुकट असतो, कारण खर्च त्याने केलेला असतो. ही गोष्ट मी मुलांना आत जाण्यापूर्वीच सांगून ठेवली आहे, आणि चित्रांना हात न लावण्यासाठी मला तेवढे कारण पुरते. निघताना अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहायच्या, हाही आमच्याकडचा नियम आहे. मुलगा अजून ओळी लिहीत नाही, तो त्याला आवडलेल्या चित्रातला प्राणी काढून ठेवतो. चित्राशेजारच्या चिठ्ठीवर लाल टिकली असली तर ते विकले गेले, हे त्याने स्वतःच शोधून काढले, आणि तेव्हापासून तो प्रत्येक दालनात आधी टिकल्या मोजतो. बहुतेक भिंतींवर त्या फार थोड्या असतात.

एका प्रदर्शनात मोठ्या कॅनव्हासचा निम्मा भाग पांढराच होता. मुलाने थेट चित्रकाराला विचारले, "काका, हे रंगवायचे राहिले आहे का?" मी त्याला गप्प करणार तोच ते गृहस्थ उठून आले, त्याला घेऊन चित्रासमोर उभे राहिले आणि पांढऱ्या भागावर तळहात धरून म्हणाले, "हे सगळे भरून टाकले असते तर तुझे लक्ष आधी कुठे गेले असते?" मुलाने खालच्या कोपऱ्यातल्या बारीक होडीकडे बोट दाखवले आणि मग स्वतःच म्हणाला, "ती दिसलीच नसती." त्याला काय कळले, असे मला विचारले जाते तेव्हा मी हा प्रसंग सांगते. सासूबाईंचे कळणे वेगळ्या जातीचे आहे. कोळणींच्या एका चित्रासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि नंतर मुलीला हलक्या आवाजात म्हणाल्या, "हिचा कासोटा असा राहणारच नाही, दोन पावलांत सुटेल." मग त्या दोघींनी दालनातल्या उरलेल्या सर्व नेसणी तपासल्या. इतक्या बारकाईने चित्र पाहणारे प्रेक्षक त्या चित्रकाराला त्या आठवड्यात फार मिळाले नसतील.

खासगी गॅलऱ्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांची दारे बंद असतात, जिन्यात पाटी छोटी असते, आत शांतता असते, आणि आपल्यासारख्यांना इथे येऊ देतील का, अशी शंका मनात येते. येऊ देतात, आणि पैसेही घेत नाहीत. त्यांची कमाई विकल्या गेलेल्या चित्रांतल्या वाट्यावर असते आणि आपण काही विकत घेणार नाही हे त्यांना दारातच कळलेले असते. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी १९६३ साली सुरू केलेली केमोल्ड गॅलरी अनेक वर्षे जहांगीरच्याच इमारतीत होती आणि २००७ पासून फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडवर आहे. अशा ठिकाणी कधी पडद्यावर चाललेली चित्रफीत असते, कधी जमिनीवर रचलेल्या वस्तू असतात, आणि त्यातले पुष्कळसे मला उमगत नाही हे मी मुलांपासून लपवत नाही. टेबलावरचा माहितीचा कागद मुलगी मोठ्याने वाचते, त्यातले अर्धे शब्द आम्हा कोणालाच लागत नाहीत, आणि आम्ही पुढे निघतो.

जहांगीरच्या जवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. जॉर्ज विटेट यांनी बांधलेल्या १९११ सालच्या कावसजी जहांगीर सभागृहात ते १९९६ पासून आहे. तिथे तिकीट लागते, पण ते नाममात्र असल्यामुळे वसुलीची भावना बळावत नाही. शिवाय आतल्या गोलाकार मजल्यांवर चढत जाणे हाच मुलांना खेळ वाटतो. ते सोमवारी बंद असते.

परिसराला नाव देणारा घोडा दाखवायचा असेल तर थोडे सांगावे लागते. पुढे ब्रिटनचा राजा झालेल्या सातव्या एडवर्डचा, तो प्रिन्स ऑफ वेल्स असतानाचा, काळा अश्वारूढ पुतळा १९६५ साली इथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला, आणि आज दिसणारा, २०१७ साली बसवलेला घोडा स्वाराविना आहे. मुलाने स्वार कुठे गेला असे विचारल्यावर, तो पेंग्विनांच्या शेजारी राहायला गेला, असे मी सांगितले. ते बऱ्यापैकी खरेही आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्या कुटुंबाने आधी कुठे जावे, असे विचारलेत तर मी जहांगीरच्याही आधी सर ज. जी. (जे. जे.) कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाचे नाव घेईन. १८५७ साली स्थापन झालेली ही संस्था सीएसएमटी स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि प्रदर्शनाच्या दिवसांत तिथे विद्यार्थ्यांची चित्रे, शिल्पे, मातीकाम, विणकाम आणि धातुकाम एकाच फेरीत पाहायला मिळते. काम करणारी मुले आपल्या मुलांच्या ताई-दादांच्या वयाची असतात, ती स्वतः जवळ येऊन माती कशी भाजली, माग कसा लावला हे सांगतात, आणि त्यांना कोणताही प्रश्न विचारताना आपल्या मुलांना संकोच वाटत नाही. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवालाही प्रवेशशुल्क नसते, परंतु त्याच्या शनिवार-रविवारी गर्दी एवढी असते की लहान मुलांना समोरच्या माणसांच्या पाठीखेरीज काही दिसत नाही. जायचेच असेल तर मधल्या एखाद्या वारी अर्धी रजा टाकून दुपारी जावे.