ऑगस्टमधले गढूळ पाणी

गोव्यातल्या दोनापावलच्या धक्क्यावरून मे महिन्यात खाली पाहिले की पाणी निवळ दिसते आणि पर्यटक त्याचे कौतुक करतात. ऑगस्टमध्ये तेच पाणी चहासारखे होते आणि बघणारा नाक मुरडतो. गेली काही वर्षे दोन्ही ऋतूंतले पाणी मी हौसेने सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आले आहे, आणि माझे मत गढूळ पाण्याच्या बाजूचे आहे.

मांडवी आणि झुआरी या नद्यांची मुखे इथे शेजारी-शेजारी उघडतात. उन्हाळ्यात नद्या रोडावतात, समुद्र बराच आत शिरतो आणि एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. जूनपासून नद्यांना पूर आला की हलके गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत बाहेर पडते, त्यामुळे वरून भरलेली बादली मचूळ आणि तळाजवळून काढलेले पाणी खारट, असे एकाच जागी घडते. खाऱ्या पाण्यातल्या प्राणिप्लवकांपैकी, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या बारीक प्राण्यांपैकी, काहींना या खालच्या थरात आसरा मिळतो. क्षारतेचा हा चढउतार सोसणारे कोपेपॉड हे इवले कवचधारी प्राणी मात्र वरही टिकतात.

नद्या सोबत नायट्रेट आणि सिलिकेट ही पोषकद्रव्ये आणतात. यातले सिलिकेट डायटम या एकपेशी सूक्ष्म शैवालांना कवचासाठी लागतेच. तरीही मुसळधार पावसात त्यांची वाढ खुंटते, कारण गाळामुळे उजेड खाली पोहोचत नाही आणि वाढण्याआधीच पेशी समुद्राकडे वाहून जातात. पावसाने चार-सहा दिवस उघडीप दिली, ऊन पडले आणि प्रवाह मंदावला, की खरी गर्दी होते. अशाच एका उघडिपीतल्या नमुन्यात आयोडीनचे थेंब टाकून मी तो रात्रभर निवळू दिला होता. सकाळी तळाशी तपकिरी साका बसला होता, आणि त्यातल्या एका थेंबात स्केलेटोनेमा या डायटमाच्या माळाच माळा होत्या : पेशी एकमेकींना चिकटलेल्या नव्हेत, मध्ये फट आणि त्या फटीतून आरपार गेलेल्या सिलिकाच्या बारीक काड्या. क्षारता बरीच बदलली तरी ही जात तग धरते, म्हणून पावसाळ्यात तिचे फावते.

मेच्या निवळ पाण्यात नायट्रेट तुटपुंजे असते. अशा वेळी ट्रायकोडेस्मियम हा निळा-हिरवा जीवाणू भुशासारख्या तवंगाने तरंगताना दिसतो. हे जीव पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूच वापरू शकतात, त्यामुळे नद्यांनी काही आणण्याची त्यांना वाट पाहावी लागत नाही.

हे सारे ऋतूंचे झाले. भरती-ओहोटी मात्र दिवसातून दोनदा येते. सुरुवातीच्या एका पावसाळ्यात मी बाटल्यांवर फक्त तारीख लिहीत असे. लागोपाठच्या दोन आठवड्यांतल्या दोन नमुन्यांत पूर्ण वेगळे जीव निघाले तेव्हा काही तरी मोठा बदल सापडला म्हणून मी हरखले. मग लक्षात आले, की एक नमुना भर भरतीचा होता आणि दुसरा ओहोटीचा असावा, पण कुठला कुठला हे ठरवायला बाटलीवर काहीच लिहिलेले नव्हते. त्या दोन्ही बाटल्या मला ओतून द्याव्या लागल्या.